मागच्या वेळी नेलेलं पाणी काय म्हणालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठ जेमतेम १५ वर्षांचं, कार्यक्षेत्र दोन जिल्ह्यांचं, मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी. संशोधनासाठी स्वतःच्या निधीतून वर्षाला २० लाख रुपये देता येतात. कुलगुरूंचं म्हणणं असं, की संशोधनाचा दर्जा वाढला पाहिजे आणि समाजालाही त्याचा उपयोग झालेला दिसला पाहिजे. संशोधन कक्षाची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्या एका सहयोगी प्राध्यापकांनी विचारलंय, सुरुवात कुठून करू?

मी एका राज्य विद्यापीठात ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, भूजलावर काम केलं आणि शेवटची ९ वर्षं उपकरण केंद्राची किल्ली माझ्याकडे होती. त्या अनुभवातून लिहितो.

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवटकडच्या पट्ट्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षं गेलं की हाडं नि सांधे धरतात. आम्ही अशाच एका भागात नमुने घेत होतो. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात एका गावात हापशावर बाटल्या भरत होतो. नमुना घेण्याआधी पाच-दहा मिनिटं हापसून पाइपातलं शिळं पाणी काढून टाकावं लागतं. तेवढा वेळ एक आजी हंडा घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, मागच्या वेळी नेलेलं पाणी काय म्हणालं?"

मागच्या वेळी नेलेल्या पाण्यावर आमचा शोधनिबंध छापून आला होता. माझ्या विद्यार्थ्याचा प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला होता. त्या हापशाचं पाणी मर्यादेच्या दुपटीहून वाईट निघालं होतं, आणि ते आजींना सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नातवाच्या दातांवर पट्टे दिसत होते. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही, एवढं आठवतं.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर या प्रसंगातून निघतं. संशोधनाचा दर्जा आणि समाजाचा उपयोग यांना तुम्ही दोन कामं समजताय. एकासाठी शोधनिबंध, दुसऱ्यासाठी दत्तक गाव. मी सांगतो, हे एकच काम आहे. आपल्या भागातला एक प्रश्न निवडायचा, तो १०-१५ वर्षं सोडायचा नाही, आणि निघालेलं उत्तर दरवर्षी ज्याचं त्याला नेऊन द्यायचं.

उत्तर परत नेल्यानं उपकार होतो म्हणून हे सांगत नाही. त्यानं विज्ञान सुधारतं. आम्ही त्या गावात परत गेलो, ग्रामसभेत बसलो, प्रत्येक बोअरचा आकडा मराठीत लिहून दिला. त्या बैठकीत एका शेतकऱ्यानं विचारलं, या बोअरला आहे आणि पन्नास पावलांवरच्या त्या बोअरला का नाही? आम्ही तोवर सगळ्या गावांची सरासरी काढत होतो. शेजारच्या दोन बोअरमधल्या फरकाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. दुसरी गोष्ट, एका बोअरचे आकडे एका वर्षात एकदम चढले होते. आम्ही ती यंत्राची चूक धरून तो आकडा वगळला होता. गावानं सांगितलं की त्या उन्हाळ्यात बोअर आटला म्हणून दीडशे फूट आणखी खाली नेला होता. म्हणजे आकडा खरा होता. जुन्या ग्रॅनाइट खडकात खोलवर मुरलेलं पाणी खडकाशी जास्त काळ संपर्कात राहतं, त्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त होत जातं, आणि अशा पाण्यात फ्लोराइड अधिक विरघळतं. उथळ विहिरीत पावसाचं ताजं पाणी मिसळत राहतं, म्हणून तिथे ते बहुधा कमी असतं. त्या गावातला जुना आड बुजत आला होता. त्याचं पाणी तपासलं तर मर्यादेत निघालं. लोकांनी तो उपसून साफ केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला शोधनिबंध खोली आणि फ्लोराइडच्या नात्यावरचा आहे, आणि तो त्या बैठकीतून आला.

आता हे माझ्या एका अनुभवावर उभं आहे असं वाटू नये म्हणून मोठी उदाहरणं देतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. ते विद्यापीठ नाही, पण संशोधन कसं करावं हे शिकायला कुठल्याही विद्यापीठानं तिथे जावं. त्यांनी आधी मोजलं. गावोगावी जन्म किती, मृत्यू किती, बाळ कितव्या दिवशी गेलं, कशानं गेलं. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी खाली आलं. डिसेंबर १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन नि तापमान घेतात त्यामागे हेच काम आहे. जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकातला निबंध आणि खेड्यातलं वाचलेलं मूल एकाच नोंदवहीतून आलं. त्या कामात महागडं यंत्र नव्हतं. वजनकाटा, तापमापक, घड्याळ आणि कधीही न चुकणारी नोंद होती.

दुसरं टोक मुंबईचं. मुंबई विद्यापीठानं १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोच सगळ्यांच्या तोंडी असलेला यूडीसीटी. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज आपण त्याला आयसीटी म्हणतो. माटुंग्याच्या आसपास कापडाच्या गिरण्या, रंग, साबण, औषधं यांचे कारखाने होते. तिथल्या प्राध्यापकांना उद्योगांना सल्ला देण्याची मोकळीक होती, आणि कारखान्यात अडलेला प्रश्न घेऊन ते प्रयोगशाळेत परतायचे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्रा. मनमोहन शर्मा १९६४ मध्ये केंब्रिजहून पीएचडी करून आले आणि या विभागातच राहिले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. डॉ. रघुनाथ माशेलकरही त्याच विभागाचे विद्यार्थी. एका राज्य विद्यापीठाच्या एका विभागानं हे करून दाखवलंय. पण बघा, त्यांनी काय केलं: शेजारी जे होतं त्यातून प्रश्न उचलले.

आणि तिसरं वेंगुर्ल्याचं. हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो त्याला आपण साका म्हणतो. बाहेरून फळ अगदी देखणं असतं, त्यामुळे कापेपर्यंत कळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' हा साका न धरणारा वाण १९८१ मध्ये दिला. आंब्याच्या संकराला फळ धरायला वर्षं जातात, मग ते फळ कसं टिकतं ते बघायला आणखी वर्षं. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे काम बसत नाही. कोणीतरी निवृत्त झालं तरी कलमांची नोंद पुढच्याच्या हातात गेली, म्हणून ते झालं. राहुरीच्या विद्यापीठाच्या 'भगवा' डाळिंबाची गोष्टही अशीच सोसण्याची आहे.

हे वाचून तुम्ही म्हणाल, प्रश्न निवडायचा कसा? फॉर्म वाटून नको. मी तीन ठिकाणी जाऊन बसलो असतो: भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयात, जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, आणि एखाद्या मोठ्या आठवडी बाजारात. जिथे कार्यालयातला अधिकारी "याचं आम्हाला काही कळत नाही" असं म्हणतो आणि बाजारातला माणूसही तेच म्हणतो, तिथे थांबावं. सोलापूरला डाळिंबावरचा तेल्या, जळगावला केळी, इचलकरंजीला यंत्रमागाची धूळ, बीडला ऊसतोड बायकांचं आरोग्य, गडचिरोलीला सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचा तेंदू आणि बांबूचा हिशेब. प्रत्येक जिल्ह्याकडे असं काही ना काही आहे. निवडताना दोन गोष्टी बघा. हा प्रश्न इथून जितका जवळून दिसतो तितका मुंबई-दिल्लीहून दिसतो का? दिसत नसेल तर तो तुमचा. आणि उत्तर निघालं तर ते घेणारा हात कोणता, ग्रामपंचायत, पाणीपुरवठा अभियंता, कारखाना, शेतकरी गट? हात आधी ठरवा. तो नसेल तर कितीही सुंदर निष्कर्ष कपाटात जातो.

मानव्यशास्त्रांच्या सहकाऱ्यांना हे सगळं पाणी-मातीवाल्यांसाठी आहे असं वाटतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. जुनी दप्तरं चाळून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये तिथे सरासरी खातं ४० एकरांचं होतं, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलं. जमिनीच्या तुकड्यांबद्दल देशभर जी चर्चा पुढे झाली तिच्यात हे आकडे पुन्हा पुन्हा येतात. त्या गावात आज बहुमजली इमारती आहेत. त्या कामाला लागले असतील चालणारे पाय आणि मोडी वाचणारे डोळे. तुमच्या इतिहास किंवा अर्थशास्त्र विभागानं एका तालुक्यातल्या दहा गावांचं असं दर पाच वर्षांनी एकदा केलं, तर २० वर्षांनी जगभरचे लोक तुमच्याकडे आकडे मागायला येतील. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठी बोलींचं सर्वेक्षण करून ते सगळ्यांना खुलं ठेवलंय; भाषेचे विभाग आपल्या तालुक्यापुरतं ते पुढे नेऊ शकतात.

आता जिथे खरी अडचण आहे तिकडे येतो. विद्यापीठात संशोधन अडतं ते कल्पनेवाचून नाही. ते अडतं उपकरण बंद पडल्यावर.

माझ्या माहितीतल्या एका विद्यापीठात कोटीच्या घरातलं एक यंत्र आलं. उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो छापून आला. वॉरंटी संपली आणि पुढच्या वर्षी देखभालीच्या करारासाठी तरतूदच नव्हती, कारण यंत्र अनुदानातून आलेलं आणि देखभाल विद्यापीठाच्या खात्यावरची. पाणी थंड ठेवणारा चिलर बिघडला. दुरुस्तीची रक्कम यंत्राच्या किमतीपुढे काहीच नव्हती, पण ती कुठल्या शीर्षाखाली खर्च करायची यावर फाइल १४ महिने फिरली. तोवर तीन विद्यार्थ्यांची पाठ्यवृत्ती संपली. त्यांतल्या एका मुलीनं संशोधन सोडलं. ती हुशार होती आणि मला तिचं अजून वाईट वाटतं.

म्हणून माझा नियम असा झाला: यंत्राची किंमत विचारताना पहिल्याच दिवशी वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा लेखी मागायचा आणि तो विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली घालायचा. माझ्या अनुभवात तो वर्षाला किमतीच्या ५ ते १० टक्के पडतो. तेवढे पैसे दरवर्षी देता येणार नसतील तर ते यंत्र घेऊ नये. आयआयटी मुंबईच्या विश्लेषण केंद्रात शुल्क भरून बाहेरचे नमुने तपासून मिळतात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही तशी सोय आहे, आणि आय-स्टेमच्या संकेतस्थळावर देशभरच्या संस्थांची यंत्रं शोधता येतात. नमुने पाठवा, माणूस सोबत पाठवा, तो तिथे शिकून येईल.

आणि तंत्रसहायक. माझ्या दृष्टीनं संशोधन कक्षातलं सगळ्यात मोलाचं पद हे. आमच्या केंद्रात जे काही चांगलं झालं ते एका प्रयोगशाळा सहायकामुळे. त्यांचं शिक्षण बीएस्सीपर्यंतचं. यंत्राचा आवाज बदलला की त्यांना आदल्या दिवशी कळायचं. प्रत्येक नमुन्याची नोंद ते पेनानं वहीत करत, संगणकावर वेगळी. ते निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही, आणि दोन वर्षांत आम्ही पाच वर्षं मागे गेलो. प्राध्यापकांची भरती तुमच्या हातात नसेल. पण एका कुशल माणसाला कंत्राटी का होईना, नीट पगारावर, सलग पाच वर्षांसाठी ठेवणं विद्यापीठाच्या हातात असतं.

पीएचडी आणि छपाईबद्दल थोडं कठोर बोलतो. २०१० नंतर बढतीसाठी गुण मोजले जाऊ लागले, आणि निबंधांची संख्या म्हणजे संशोधन असा समज पसरला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं त्या मागणीवरच वाढली. पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक नियतकालिकं तपासली तेव्हा त्यांतली ८८ टक्के निकषात बसत नाहीत असं निघालं. त्यानंतर आयोगाची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आणि कुठलं नियतकालिक चांगलं हे ठरवायची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे. दरम्यान २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्तीही काढली. माझ्या मते ही तुमच्यासाठी संधी आहे. विद्यापीठानं ठरवावं की मूल्यमापनाच्या वेळी शिक्षकानं फक्त आपली तीन कामं पुढे ठेवायची. समितीनं ती वाचायची, खरोखर वाचायची, आणि त्यावर प्रश्न विचारायचे. तिसांची यादी मागितली की तीस येतात. तीन मागितली की माणूस विचार करतो. विकत घेतलेली डिझाइन नोंदणी, भिंतीवर टांगलेले सामंजस्य करार, यांना गुणच देऊ नका. त्यात खर्च होणारा वेळ प्रयोगशाळेतून जातो.

मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत याला नियमात कमाल आकडा आहे. तो भरायचाच असतो असं नाही. मी तीनपेक्षा जास्त विद्यार्थी एका वेळी घेतले तेव्हा त्यांच्या प्रबंधांचे मसुदे रात्री झोपेत वाचले, आणि ते त्या प्रबंधांत दिसतं. खुली मौखिक परीक्षा तुमच्याकडेही होते. तिच्या महिनाभर आधी विद्यार्थ्यानं आपलं काम ज्या गावात, कारखान्यात, रुग्णालयात केलं तिथे जाऊन मराठीत अर्धा तास सांगावं आणि तिथले प्रश्न लिहून आणावेत, अशी पद्धत पाडा. नियमात बसवायला अवघड नाही. संशोधन मान्यता समितीच्या बैठकीत ठराव करता येतो. लोकांकडून रक्ताचे नमुने किंवा आजाराची माहिती घेतलेली असेल तर नैतिकता समितीची मान्यता आणि लोकांची समजून-उमजून दिलेली संमती हे आधीच झालेलं असलं पाहिजे. आणि कोणाचं नाव बैठकीत उघडं पडता कामा नये.

आता तुमच्याकडची सगळ्यात मोठी संपत्ती, जी तुमच्या प्रश्नात आलीच नाही: संलग्न महाविद्यालयं. नीती आयोगाच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशातले ८१ टक्क्यांहून जास्त विद्यार्थी राज्य विद्यापीठांच्या व्यवस्थेत शिकतात. तुमच्या दोन जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्याला एखादं तरी महाविद्यालय असेल, आणि त्यात रसायन, भूगोल, वनस्पतिशास्त्राचा एक तरी शिक्षक, जो त्या मातीतला आहे. आयआयटीकडे हे जाळं नाही. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समाजसंपर्काला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. सध्या त्याखाली मुलं प्रश्नावल्या भरतात, फाइल स्पायरल बाइंडिंग करून देतात, आणि ती जूनमध्ये रद्दीत जाते. मुलांचा वेळ असा वाया जाताना पाहून जीव तुटतो. त्याऐवजी सगळ्या महाविद्यालयांना एकच पद्धत द्या. प्रत्येक महाविद्यालयानं आसपासच्या ठरलेल्या दहा विहिरी, मे आणि नोव्हेंबर, पाण्याची पातळी आणि चार साधी मापनं. तीच विहीर, तीच दोरी, तोच महिना. वीस महाविद्यालयं धरली तर वर्षाला ४०० नोंदी होतात. पहिल्या वर्षी त्यात चुका असतील. दर वीस नमुन्यांमागे एक नमुना विद्यापीठात पुन्हा तपासला की चुका सापडतात आणि मुलं शिकतात. पाचव्या वर्षी तुमच्याकडे जे असेल ते देशातल्या फार थोड्या विद्यापीठांकडे असेल.

शिक्षकांसाठी पुण्याच्या आयुकाचं, म्हणजे खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठ केंद्राचं, रूप डोळ्यांपुढे ठेवा. प्रा. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ही संस्था उभी राहिली ती मुळी विद्यापीठांच्या शिक्षकांसाठी. छोट्या गावातल्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्राचा शिक्षक तिथला सहयोगी होतो, सुटीत येऊन राहतो, ग्रंथालय नि संगणक वापरतो, काम पुढे नेतो आणि परत जाऊन शिकवतो. तुमच्या विद्यापीठात चार खोल्यांचं अतिथिगृह नि प्रयोगशाळेत दोन टेबलं त्यासाठी राखून ठेवली तरी पुष्कळ झालं. वाचायला आता निदान पैशाची अडचण उरलेली नाही. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. ग्रंथपालांना बरोबर घेऊन शिक्षकांना ती उघडून दाखवा. कित्येकांना अजून माहीत नाही.

एक शंका नेहमी येते, म्हणून उत्तर देऊन ठेवतो: जिल्ह्याचा प्रश्न धरला तर मूलभूत विज्ञान मागे पडेल का? शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांवर, म्हणजे खरचुडीच्या जातींवर, वर्षानुवर्षं काम झालं. सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणारी ही दुर्मीळ फुलं; त्यातून कोणाला नोकरी मिळत नाही की पीक वाढत नाही. पण जातींची नीट ओळख पटवल्याशिवाय काय वाचवायचं तेच कळत नाही, आणि ती ओळख कोल्हापुरातल्या माणसानंच पटवायची. ज्याला एकटं बसून गणित करायचंय किंवा जाळी विणणारे कोळी मोजायचे आहेत त्याला तसं करू द्या. सगळ्या विद्यापीठानं एकाच प्रश्नामागे लागावं असं मी म्हणत नाही. एक तरी असा हवा की ज्यात चार विभाग वर्षानुवर्षं एकत्र बसतात.

राहिला २० लाखांचा हिशेब. मी तुमच्या जागी असतो तर तंत्रसहायकाला महिना ३० हजार धरून ३ लाख ६० हजार बाजूला काढले असते. आहे त्या यंत्रांच्या देखभालीला ५ लाख; आधी कुठली यंत्रं किरकोळ दुरुस्तीवाचून पडून आहेत त्याची यादी करा, निम्मी चालू होतील. निवडलेल्या एका प्रश्नाच्या प्रवासाला, नमुन्यांना, रसायनांना ४ लाख. पाच तरुण शिक्षकांना प्रत्येकी एक लाख, अर्ज दोन पानांचा, निर्णय तीस दिवसांत, आणि फसलेल्या प्रयोगाचा अहवालही स्वीकारायचा. आकडे सांभाळायला आणि गावांना मराठीत निकाल छापून द्यायला १ लाख ४० हजार. उरलेला एक लाख हाताशी, चिलर बिघडला की त्याच आठवड्यात दुरुस्त करता यावा म्हणून. तो खर्च करण्याचे अधिकार केंद्रप्रमुखांना देणारा ठराव व्यवस्थापन परिषदेकडून आधीच करून घ्या. हे सर्वांत अवघड जाईल. वित्त अधिकाऱ्यांना टाळू नका, त्यांना एकदा प्रयोगशाळेत आणून बंद यंत्र दाखवा. माझा अनुभव असा, की त्यांनाही ते बघवत नाही.

विषय पाण्याचा निवडलात तर पावसाळ्यानंतरचे नमुने नोव्हेंबरात घ्यावे लागतील. बाटल्या आत्ताच मागवा. फ्लोराइडसाठी काचेच्या चालत नाहीत, पॉलिथिनच्या घ्या. आणि प्रत्येक बाटलीवर विहिरीच्या मालकाचा फोन नंबर न लिहिता फक्त क्रमांक लिहा. नंबर वेगळ्या वहीत, निकाल कळवण्यासाठी.